वावरातला उंदीर पाळीव सापाला चालतो का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

डॉक्टर काका, नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरची आठ एकर शेती आहे, पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या ओळखीच्या माणसाकडून बॉल पायथनचं पिल्लू आणलं, आता तो नऊशे ग्रॅमचा झाला. आधी कुरिअरनं बर्फातले पांढरे उंदीर मागवत होतो. ते महाग पडतात, आणि गावापर्यंत येईस्तोवर वितळून वास मारतात. म्हणून सोयाबीनची सोंगणी झाल्यापासून वावरातले नाहीतर कुटाराच्या ढिगातले उंदीर पकडून देतो. एकदा बेडूक ठेवून पाहिला, पण त्यानं तोंड लावलं नाही. आबाजी म्हणतात, "वावरातली धामण हेच खाते, तिले कोणता डॉक्टर लागते?" मलाही ते पटते. पण मागच्या आठवड्यात त्यानं गिळलेला उंदीर दोन दिवसांनी ओकून टाकला आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. शेळ्यांचं जंताचं औषध घरी आहे, ते थोडं देऊ का? आणि उंदीर चालू ठेवू की बंद करू?

एक वाचक, जि. वर्धा

उत्तर

शेळ्यांच्या औषधाची बाटली होती तिथे ठेवून दे आणि वावरातले उंदीर आजपासून बंद कर. सापाला स्वच्छ पाणी ठेव, हाताळू नकोस, आणि ओकल्याच्या दिवसापासून निदान दोन आठवडे खायला काही देऊ नकोस. या जातीचा धडधाकट साप महिना-दोन महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे एवढ्या दिवसांची भीती बाळगू नकोस. आता कारणं सांगतो. आबाजींचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, त्यांना नीट उत्तर मिळालं पाहिजे.

आधी विषाचं बोलू. परदेशातले साप पाळणारे जंगली भक्ष्याचा विषय निघाला की जंतांपासून सुरुवात करतात. आपल्याकडे मी विष पहिलं धरतो. सोंगणी आटोपली की उंदीर हरभऱ्याकडे, गव्हाकडे आणि घराकडे वळतात, आणि नेमकं त्याच दिवसांत गावात उंदीर मारायचं औषध ठेवलं जातं. दुकानातली काळी भुकटी म्हणजे झिंक फॉस्फाइड. धान्याच्या भरड्याला तेल लावून त्यात २ टक्क्यांच्या हिशेबानं ती कालवतात. उंदराच्या पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. हे औषध मांसात साठत नाही हे खरं, पण न पचलेला घास उंदराच्या पोटात तसाच पडलेला असतो. साप सोलून, निवडून खात नाही. तो उंदीर पोट-आतड्यांसकट गिळतो आणि त्याच्या जठरातही आम्लच असतं.

दुसरं औषध ब्रोमॅडिओलोन, ज्याच्या वड्या किंवा केक मिळतात. त्यात औषधाचं प्रमाण फक्त ०.००५ टक्के असतं, पण तेवढं पुरतं. रक्त गोठण्यासाठी शरीर जीवनसत्त्व 'के' पुन्हा पुन्हा वापरात आणतं, तेच चक्र हे औषध बंद पाडतं आणि उंदराला आतल्या आत रक्तस्राव होऊ लागतो. त्याला मरायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. त्या दिवसांत तो सुस्तावतो, दिवसाढवळ्या उघड्यावर येतो, माणूस जवळ गेला तरी धड पळत नाही. भाऊ, तू उंदीर हातानं किंवा डब्यानं पकडतोस. जो सहज सापडला तो का सहज सापडला, हा प्रश्न दरवेळी स्वतःला विचारायला हवा होता. औषध खाल्लेल्या उंदराच्या यकृतात ते आठवडेच्या आठवडे राहतं. सरपटणारे प्राणी या औषधाला पक्ष्यांपेक्षा आणि कुत्र्या-मांजरांपेक्षा बरेच चिवट असतात, त्यामुळे असा एक उंदीर खाऊन साप लगेच मरेलच असं नाही. पण तू दर दहा-पंधरा दिवसांनी एकाच शिवारातला उंदीर देतोस. रोज बाहेरून ठीक दिसणाऱ्या सापाच्या पोटात काय साठत चाललंय, ते तुला दिसणार नाही.

"आम्ही तर औषध ठेवतच नाही," असं तू म्हणशील. उंदराला धुरा कळत नाही. शेजारच्यानं काय ठेवलं, कुटार कुणाच्या खळ्यातून आलं, धान्याच्या पोत्यांत कोणत्या गोळ्या टाकल्या होत्या, घरात कुणी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट भजीला लावून ठेवली होती का, हे सगळं माहीत असेल तरच तू त्या उंदराची खात्री देऊ शकतोस. मी तरी एवढी खात्री देणारा कास्तकार पाहिलेला नाही.

शिवाय फवारा आहेच. २०१७ च्या हंगामात तुमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध माणसाला कातडीतून आणि श्वासातून लागलं, त्याच वावरात बेडूक बसलेला असतो. बेडकाची कातडी ओली आणि पातळ असते, ती पाणी शोषते तशी पाण्यात उतरलेली औषधंही शोषते. तुझ्या सापानं बेडकाला तोंड लावलं नाही हे चांगलंच झालं, पुन्हा ठेवूही नकोस.

आता आबाजींची धामण.

धामण हेच खाते, बरोबर आहे. पण तिलाही ते बाधतं. तिचे जंत, तिच्या अंगातलं विष कुणी मोजत नाही. धुऱ्यावर मेलेली धामण दिसली तर आपण म्हणतो कुणीतरी मारली असेल. जी जगली तिच्याकडे बोट दाखवून तिचं खाणं सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, कारण जी मेली ती आपल्या नजरेसमोर नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. धामण इथली आहे. तुझा साप घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांकडच्या जातीचा आहे, आणि बहुधा कुणाच्या तरी पेटीतच जन्मलेला. इथल्या मातीतले, इथल्या बेडूक-पाली-उंदरांतले परजीवी आणि इथले साप पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखून आहेत. तुझ्या सापाची त्यांच्याशी ओळखच नाही. अशी ओळख नसली की काय होतं ते अमेरिकेतल्या फ्लोरिडानं दाखवून दिलंय. तिथे पाळायला नेलेले आशियातले मोठे अजगर जंगलात सुटले आणि त्यांच्याबरोबर सापाच्या फुप्फुसात राहणारा आशियातला एक परजीवी तिथे पोचला. रैलिएटिएला ओरिएंटॅलिस त्याचं नाव. सापानं बेडूक आणि पालींसारखे लहान प्राणी खाल्ले की तो सापात शिरतो. तिथल्या मूळच्या सापांमध्ये तो अजगरांपेक्षा जास्त संख्येनं आणि जास्त मोठा वाढताना दिसला. तिथे परजीवी प्रवास करून सापांपर्यंत गेला, इथे तुझा साप प्रवास करून परजीवींपर्यंत आलाय.

आणि पेटी. धामण एका दिवसात किती बांध ओलांडते! तिनं शी केली तिथे ती पुन्हा बसत नाही. ज्या जंतांना वाढायला मधला दुसरा प्राणी लागत नाही, त्यांची अंडी तुझ्या सापाच्या पेटीत, त्याच्याच पाण्याच्या भांड्याजवळ पडतात आणि पुन्हा त्याच्याच पोटात जातात. ज्यांना उंदीर किंवा बेडूक लागतो, अशा फीतकृमी आणि गोलकृमींच्या अळ्या तू दर पंधरवड्याला नव्यानं आणून देतोस. थंडी, हाताळणी, पेटी बदलणं यांनी साप थोडा जरी अशक्त झाला, तरी जंत उचल खातात.

चावण्याचं थोडक्यात सांगतो, कारण जिवंत उंदीर देत असशील तर तेही आजच बंद व्हायला हवं. पांढरा पाळीव उंदीर आणि वावरातली घूस यांच्यात स्वभावाचा मोठा फरक आहे. घूस जिवावर उठते, तिचे दात सापाचा डोळा फोडू शकतात, पाठीवर मणक्यापर्यंत जखम करू शकतात. घूस अंगानंही तुझ्या सापाला मोठी. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला उंदीर तर कधीच देऊ नये, तो डिंक सापाच्या तोंडात आणि घशात बसतो. मांजरीनं आणून टाकलेलाही नको.

तुझ्याही जिवाचं बोलायला हवं. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण सापडले होते. हा ताप ज्या बारीक किड्यांच्या अळीमुळे होतो, ती गवत-झुडपांत असते आणि उंदरांच्या अंगावर पोसली जाते. कुटाराच्या ढिगात हात घालून तू उंदीर धरतोस म्हणजे नेमका तिथेच हात घालतोस. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो तो वेगळाच. आतापर्यंत उंदीर हाताळल्यानंतर तुला ताप, जोरदार डोकेदुखी, अंगावर कुठे काळी खपली असं काही झालं, तर डॉक्टरांना "मी उंदरं पकडत होतो" हे स्वतःहून सांग. ते विचारतीलच असं नाही, आणि वेळेत कळलं तर दोन्ही आजारांवर औषध आहे.

पुष्कळांना वाटतं की वावरातला उंदीर फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवला की शुद्ध होतो. उणे २० अंशांला नीट गोठवून ठेवला तर बरेच जंत, अळ्या, गोचीड, पिसवा मरतात, एवढं खरं. साल्मोनेलासारखे जिवाणू मरत नाहीत, आणि विष जसंच्या तसं राहतं. त्यातून आपल्या खेड्यात लाइन जाते-येते. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा दिवसातून दोनदा अर्धवट वितळत असेल तर जंत मरण्याची हमीही उरत नाही.

मग द्यायचं काय? इथे तुझी अडचण वाटते तेवढी मोठी नाही. नऊशे ग्रॅमच्या बॉल पायथनला दर दहा-चौदा दिवसांनी पन्नास-साठ ग्रॅमचा एक उंदीर पुरतो. म्हणजे वर्षाला फार तर तीस-पस्तीस उंदीर, आणि हिवाळ्यात तो स्वतःच काही आठवडे खाणं सोडतो. वर्षाची निम्मी गरज एका थंडीच्या खेपेत भागवता येते. कुरिअर डिसेंबर-जानेवारीत मागव, नागपूर-वर्ध्याकडचे एक-दोन पाळणारे मिळून मागवा, आणि नागपूरहून गावापर्यंत एसटीनं थर्माकोलच्या पेटीत स्वतः आण. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तीन दिवस फिरलेला उंदीर वास मारणारच, त्यात पुरवणाऱ्याचा दोष नाही.

किंवा घरीच पांढरे उंदीर पाळ. एक नर, दोन माद्या. गाभणकाळ एकवीस ते तेवीस दिवसांचा, एका वेताला आठ-दहा पिल्लं, आणि तीन आठवड्यांत ती दूध सोडतात. तेव्हाच ती तुझ्या सापाच्या मापाच्या जवळ आलेली असतात. पहिल्याच वर्षी तुझ्याकडे गरजेपेक्षा जास्त होतील, म्हणून नर वेगळा ठेवायची सोय आधीच कर. दोन गोष्टी मात्र कटाक्षानं पाळ. वावरातला उंदीर त्यांच्या पिंजऱ्याजवळ फिरकता कामा नये, नाहीतर तो आपली लघवी आणि पिसवा तिथे सोडून जाईल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. बारीक जाळी लाव, दाणे टिनाच्या डब्यात ठेव. आणि अंथरायला सोयाबीनचं कुटार वापरू नकोस, त्याला फवारा लागलेला असतो. साधा कोरा कागद फाडून टाक. उंदीर मारायची वेदनारहित पद्धत पशुवैद्याकडून समोर उभा राहून शिकून घे. पाण्यात बुडवणं, जिवंतच फ्रीजरमध्ये ठेवणं हे फार क्रूर आहे. तो उंदीरही तुझ्याच भरवशावर जगतो.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात, झाकणाच्या डब्यात वितळू दे. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून साधारण ४० अंशांच्या पाण्यात धर. या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, गार उंदीर त्याला खाणं वाटतच नाही. लांब चिमट्यात धरून संध्याकाळी, दिवे मंद करून दे. पहिल्या दोन-तीन वेळा नाकारेल. एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही. सापाचा डबा घरच्या दुधा-भाजीपासून वेगळा ठेव, आणि घरात लहान लेकरं असतील तर त्यांना साप किंवा त्याची पेटी हाताळू देऊ नकोस, साल्मोनेला सापाच्या शीतूनही पसरतो.

आता ओकण्याकडे येऊ. सगळा दोष वावरातल्या उंदरावर टाकायची मी घाई करणार नाही. तुमच्याकडे सध्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आहे. या सापाला पेटीची एक बाजू ३१-३२ अंश आणि दुसरी २५-२७ अंश लागते. लाइन गेली, गरम पट्टी बंद पडली, की पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजतो आणि साप तो बाहेर टाकतो. उंदीर मोठा असणं, गिळल्यावर दोन दिवसांच्या आत हाताळणं, हीसुद्धा नेहमीची कारणं आहेत. म्हणून आधी पेटीत थर्मामीटर ठेवून पहाटे चारला किती आकडा दिसतो ते बघ. दोन आठवड्यांनी पहिलं खाणं नेहमीच्या निम्म्या आकाराचं दे. ते टिकलं तर ठीक. पुन्हा ओकला, शीमध्ये किंवा तोंडात रक्त दिसलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तोंड उघडून श्वास घेऊ लागला किंवा अंगाच्या मध्यावर गाठ जाणवली, तर वाट न बघता त्याला घेऊन निघ. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखव. औषध खाल्लेला उंदीर पोटात गेल्याची शंका असेल तर तेही सांग. ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व 'के'चा इलाज असतो, पण तो वैद्यानंच करायचा.

शेळ्यांचं औषध का नको, ते हिशेबानं समजून घे. शेळ्या-मेंढ्यांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन १ टक्क्याचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम. नऊशे ग्रॅमच्या सापाची मात्रा काढली तर ती त्या औषधाच्या एका थेंबापेक्षाही कमी भरते. घरी "थोडं" देऊन हे माप साधत नाही. पाजायचं अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल असेल, तर जास्त मात्रा अस्थिमज्जेला आणि आतड्याच्या अस्तराला इजा करते. आणि तुझ्या सापाला जंत आहेत हे अजून कुठे कळलंय?

तुझ्याकडे नोंदणीचे कागद आहेत का, हे पत्रात लिहिलेलं नाहीस. बॉल पायथन परदेशी जातीचा असला तरी २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या चौथ्या अनुसूचीत येतो आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची 'परिवेश' पोर्टलवर नोंद लागते. नागपूरच्या त्या ओळखीच्या माणसाकडून कागद मागून घे. पुढेमागे सांभाळणं झालं नाही तरी त्याला वावरात सोडू नकोस. आणि हे पत्र वाचून कुणी धामण, मांडूळ किंवा अजगर पाळायचा विचार करत असेल, तर तो सरळ गुन्हा आहे. पकडलेल्या सापाला उंदीर, बेडूक चारत घरी ठेवणाऱ्या पोरांनीही हे ऐकावं: त्याला खाण्याची नाही, परत जाण्याची गरज असते. वनविभागाचा १९२६ हा नंबर लावा.

राहिली शीची तपासणी. साप पुन्हा जेवल्यावर दोन-तीन आठवड्यांत शी करेल. ती ताजी असतानाच चमच्यानं छोट्या स्वच्छ डबीत घे, झाकण लाव, थंड ठेव पण गोठवू नकोस, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत नागपूरला पोचव. काही जंत रोज अंडी टाकत नाहीत, म्हणून पहिली तपासणी कोरी आली तरी पुढच्या दोन वेळांचीही दे. डबीवर तारीख लिही आणि सोबत चिठ्ठी जोड की या सापानं सोंगणीपासून वावरातले उंदीर खाल्लेत. ही चिठ्ठी विसरू नकोस. उंदराच्या स्वतःच्या जंतांची अंडी सापाच्या पोटातून नुसती पार होऊन शीमध्ये उतरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. सापाला त्यांचं काही होत नाही, पण वैद्याला खाण्याची माहिती नसेल तर नको असलेलं औषध सुरू होऊ शकतं. अहवाल आला की मला पाठव. त्यात अंडी नेमकी कोणत्या जंताची आहेत हे लिहिलेलं असेल, तर औषध लागेल की नाही, ते आपण पुढच्या अंकात बोलू.